पॅपी व्हॅन विंकल 20: बोनसमधले 2,200 डॉलर बाटलीत घालावेत का?

प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीतल्या एका वाचकांना ऑफिसमधल्या सहकाऱ्याने ‘पॅपी व्हॅन विंकल’ या बर्बनची, म्हणजे मुख्यतः मक्यापासून केलेल्या अमेरिकन व्हिस्कीची, 20 वर्षांची सीलबंद बाटली 2,200 डॉलरना देऊ केली आहे. कर कापून 9,000 डॉलर बोनस हातात आलाय. गाडीचं कर्ज 7 टक्क्यांचं, अजून पाच वर्षं बाकी. आपत्कालीन निधी दोन महिन्यांच्या खर्चाएवढा. पत्नी म्हणतात पैसे बँकेत ठेवा, मित्र म्हणतात पाच वर्षांत दुप्पट होतील. बाटली आयआरए (अमेरिकेतल्या करसवलतीच्या निवृत्ती) खात्यातून घेता येईल का, आणि पुण्याला नेऊन विकली तर, असंही त्यांनी विचारलंय.

माझं उत्तर: गुंतवणूक म्हणून ही बाटली घेऊ नका. चवीसाठी घ्यायची असेल तर आधी एक पेग चाखा, मग ठरवा.

तुमच्यासमोर दोन किमती आहेत आणि त्या एकमेकींत मिसळल्या जातायत. एक बाटलीतल्या बर्बनची, दुसरी दुर्मिळपणाची. कंपनीची सुचवलेली किरकोळ किंमत काही शे डॉलरच असते. वरची सगळी रक्कम दुर्मिळपणाची आहे. हा दुर्मिळपणा खोटा नाही. बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावं लागतं. साधारण 200 लिटरच्या पिंपातून केंटकीच्या हवेत दरवर्षी 3 ते 5 टक्के माल उडून जातो, म्हणजे वीस वर्षांनी पिंपात जेमतेम निम्मा किंवा त्याहूनही कमी उरतो. पण नव्या लाकडात वीस वर्षं राहिलेल्या मालात टॅनिन, म्हणजे लाकडातला तुरटपणाही भरपूर उतरतो. सोळा-सतरा वर्षांनंतर काही पिंपं बहरतात, काही कडू होतात. वय वाढलं म्हणून चव त्याच प्रमाणात वाढत नाही, आणि बाटलीत भरल्यावर तर बर्बन मुरायचं थांबतंच. पाच वर्षं कपाटात ठेवलेली 20 वर्षांची बाटली 20 वर्षांचीच राहते.

म्हणून आधी चव. तुम्ही लिहिलंय की जर्सी सिटीतल्या एका बारमध्ये याचा एक औंस 110 डॉलरला मिळतो. 750 मिलीच्या बाटलीत सुमारे 25 औंस, म्हणजे सहकाऱ्याच्या भावाने औंस साधारण 87 डॉलरला पडतो. बार महाग आहे, पण तिथे तुमचे 110 डॉलरच पणाला लागतात. त्याच बैठकीत ‘वेलर 12’चाही एक औंस मागवा. तीही पॅपीसारखीच बफलो ट्रेस डिस्टिलरीची (मद्याच्या कारखान्याची), मक्यासोबत राय या धान्याऐवजी गहू वापरलेली. वेलर 90 प्रूफ (प्रूफ म्हणजे अल्कोहोलच्या टक्केवारीची दुप्पट), पॅपी 20 ही 90.4 प्रूफ, अल्कोहोल जवळपास सारखं असल्याने तुलना बरोबरीची होते.

बारमनला दोन्ही सारख्याच, तोंडाशी निमुळत्या ग्लासांत आणायला सांगा, आणि कुठला कुठला ते त्यालाच लक्षात ठेवू द्या. दहा मिनिटं हात लावू नका. हुंगताना तोंड किंचित उघडं ठेवा, नाहीतर अल्कोहोलचा झटका बाकी सगळं झाकून टाकतो. पहिला घोट फक्त जीभ तयार करतो. मत दुसऱ्या घोटावर बनवा. मग दोन-तीन थेंब पाणी घालून पुन्हा. जुन्या चांगल्या बर्बनमध्ये कॅरमेल आणि व्हॅनिलाच्या मागे सुकी चेरी, चामडं, तंबाखू असं काही येतं आणि घोट गिळल्यावर मिनिटभर टिकतं. बिघडलेल्या जुन्या मालात शेवटी उकळून कडू झालेल्या कोऱ्या चहासारखा कोरडेपणा हिरड्यांवर बसतो. आता नावं न बघता कागदावर लिहा: या ग्लासातल्या बाटलीला मी किती देईन? दोन आकड्यांतला फरक हीच तुमच्या जिभेने ठरवलेली वयाची किंमत. माझ्या अंदाजाने बहुतेकांचा हा फरक शंभर-दोनशे डॉलरच्या पुढे जाणार नाही.

आता हिशेब. 2,200 डॉलर आज गाडीच्या कर्जात भरले तर 7 टक्क्यांनी पाच वर्षांत त्याचे सुमारे 3,085 डॉलर झाल्यासारखं, म्हणजे सुमारे 885 डॉलरचा फायदा पक्का. बाटलीने एवढंच हातात द्यायचं तर? लिलावात विक्रेत्याचं कमिशन 10 टक्के आणि पाठवणी-विमा 50 डॉलर धरू. अमेरिकेच्या आयकर कायद्यात मद्य ‘कलेक्टिबल’मध्ये, म्हणजे संग्राह्य वस्तूंत मोडतं, त्यामुळे वर्षभराहून जास्त ठेवून विकलं तरी शेअरसारखा 15 टक्के दर लागत नाही, तुमच्या स्लॅबचा दर लागतो, कमाल 28 टक्के. तुमचा स्लॅब 24 धरला तर बोली साधारण 3,800 डॉलरवर जायला हवी. त्यावर लिलावगृह खरेदीदाराकडून वेगळा घेतं तो 20 टक्के प्रीमियम चढला की त्याच्या खिशातून 4,550 जातात. राज्याचा कर यात धरलेलाच नाही. म्हणजे नुसत्या बरोबरीसाठी भाव 70 टक्क्यांहून जास्त वाढायला हवा. केंटकीत आज 1.6 कोटींहून अधिक पिंपं मुरत पडली आहेत आणि बफलो ट्रेसच्या मालक कंपनीने विस्तारावर 1.2 अब्ज डॉलर खर्च केलेत. हा माल पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बाजारात येईल. एवढ्या वाढीवर मी तुमचे पैसे लावणार नाही.

आयआरएबद्दलचं उत्तर सरळसरळ ‘नाही’ असंच आहे. खात्यातून कलेक्टिबल घेतलं की ती रक्कम काढून घेतली असं धरलं जातं: त्यावर कर, आणि वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर वर 10 टक्के दंड.

पुण्याचा विचारही सोडा. भारतात उतरताना 2 लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं, ते पिण्यासाठी. परवान्याशिवाय विकणं महाराष्ट्रात गुन्हा आहे. न्यू जर्सीतही आहे, आणि हा मुद्दा सहकाऱ्याच्या व्यवहारालाही लागू होतो. बाटली नकली निघाली तर तुमच्याकडे ना पावती, ना दाद मागायची जागा.

नकली निघण्याची भीती खरी आहे, कारण पॅपीच्या रिकाम्या बाटल्यांनाही गिऱ्हाईक असतं. अलीकडच्या बाटल्यांवर काचेत लेझरचा कोड असतो: ‘एल’, मग वर्षाचे दोन आकडे, मग वर्षातला कितवा दिवस ते तीन आकडे. पण पुन्हा भरलेल्या बाटलीवर कोड अस्सलच असणार. म्हणून बुचावरचं आवरण बघा: सुरकुत्या, गोंदाचा डाग, दुसऱ्यांदा आवळल्याची खूण. द्रवाची पातळी मानेत असायला हवी. 2021 मध्ये न्यूयॉर्कच्या एका नामांकित दुकानातून घेतलेली, याच डिस्टिलरीच्या दुसऱ्या ब्रँडची महागडी बाटली तपासणीत नकली निघाली होती. दुकानात असं होतं, तर पार्किंगमध्ये हातोहात घेतलेल्या बाटलीची काय खात्री?

बोनसची वाटणी अशी करा: 5,000 आपत्कालीन निधीत, 3,500 कर्जाच्या मुद्दलात (भरताना ‘प्रिन्सिपल’ असं नमूद करा, नाहीतर पुढचा हप्ता आगाऊ भरला असं धरतात), 500 हौसेसाठी. त्या 500 मध्ये वरची बारची बैठक दोघांची होते.

त्यानंतरही बाटली हवीच वाटली, तर हौसेच्या खात्यात वर्षभर महिन्याला 185 डॉलर टाका आणि परवानाधारक दुकानातून पावतीसह घ्या. केंटकीत 1 जानेवारी 2018 पासून परवानाधारक दुकानांना लोकांकडून जुन्या सीलबंद बाटल्या विकत घेऊन विकायची मुभा आहे. घरी बाटली उभी ठेवा, आडवी नको. जास्त अल्कोहोल बूच खातं. उन्हापासून दूर, बंद कपाटात. आणि फोडलीत तर निम्म्याखाली गेल्यावर सहा महिन्यांत संपवा, कारण आत हवा जास्त झाली की चव विरत जाते.