पाकिटावरची सही

भांडुपच्या एका वाचकांचं पत्र आलंय. १४ महिन्यांपूर्वी त्यांनी वन बीएचके भाड्याने घेतला. आधीचा भाडेकरू पर्सनल लोन थकवून निघून गेलेला, आणि वसुलीवाले आता यांच्या दारात. गेल्या रविवारी रात्री साडेआठला दोघं आले आणि "पैसे भरा, नाहीतर फ्रिज-टीव्ही उचलून नेऊ" असं यांच्या पत्नीला सुनावून गेले. पत्राच्या अगदी शेवटी, सहज आठवलं म्हणून लिहावं तशी एक ओळ आहे: "आधीच्या भाडेकरूच्या नावाने आलेली चार रजिस्टर पत्रं मी सही करून घेतली आणि कपाटात ठेवली. एकावर कोर्टाचा शिक्का आहे."

अशी पत्रं मला ठाण्याहून येतात, मालाडहून येतात, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: मला पैसे भरावे लागतील का? नाही. कर्जदार, सहकर्जदार किंवा जामीनदार यांपैकी तुम्ही कोणी नसाल तर एक रुपयाही लागत नाही. पत्ता एक म्हणून तुमचा सिबिल स्कोअरही बिघडत नाही. यावर आणखी शाई घालवत नाही, कारण खरा घोळ त्या शेवटच्या ओळीत आहे.

उचलून नेऊ म्हणणाऱ्या त्या दोघांना तुमच्या घरातला चमचाही उचलता येत नाही. जप्ती होते ती कोर्टाच्या वॉरंटवर, बेलिफच्या, म्हणजे कोर्टाच्या कर्मचाऱ्याच्या हातून. आणि बेलिफ आला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६२ त्याला बांधून ठेवतं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी राहत्या घरात शिरायचं नाही. बाहेरचं दार तोडायचं तर ते घर ऋणकोच्या, म्हणजे कोर्टाने ज्याच्यावर देणं ठरवलंय त्याच्या, ताब्यात असलं पाहिजे आणि त्याने आत यायला अडवलेलं असलं पाहिजे. तुमचं सगळं प्रकरण 'ऋणकोच्या ताब्यात' या दोन शब्दांवर अडलंय. घर कोणाच्या ताब्यात आहे हे कोर्टाला घरबसल्या कळत नाही, ते कागदावरून ठरतं. आणि आज कागद काय सांगतो? त्या माणसाच्या नावाची पत्रं या पत्त्यावर येतात, कोणीतरी सही करून घेतं, एकही परत जात नाही. म्हणजे तो इथेच राहतो. ही साक्ष तुम्ही स्वतःच्या हाताने चार वेळा दिलीत, तीही शेजारधर्म म्हणून!

पोस्टमनला "ते घर सोडून गेले" एवढंच सांगायचं होतं. तो पाकिटावर तसा शेरा मारतो आणि पाकीट पाठवणाऱ्याकडे परत जातं. 'घेण्यास नकार' असा शेरा मात्र मारू द्यायचा नाही, कारण नकार दिला म्हणजे पत्र पोचलं असंच कोर्ट सहसा धरून चालतं.

दावा कुठवर आलाय हे तुमच्या पत्रावरून सांगता येणार नाही. कदाचित नुसतं समन्स असेल, कदाचित एकतर्फी हुकूमनामा (कर्जदार हजर नसतानाच दिलेला निकाल) होऊन त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, म्हणजे दरखास्तही पडली असेल, किंवा प्रकरण लवादाकडे असेल. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधा. कोर्टातलं प्रकरण बहुतेक वेळा सापडतं. आपल्या कोर्टांचा वेग पाहता बेलिफ यायला वर्षंही लागतील. त्या भरवशावर मात्र झोपू नका. हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागायला १२ वर्षांची मुदत असते, आणि फाइल दोन वर्षं धूळ खाऊन अचानक एका सकाळी जागी होते.

तेव्हा या आठवड्यात हे करा. पाकिटं फोडू नका. चारही पाकिटांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. कोर्टाचं पाकीट स्वतः त्या कोर्टाच्या कार्यालयात न्या, 'सदर व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही, पाकीट माझ्याकडून चुकून स्वीकारलं गेलं' असा अर्ज जोडा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. बाकीची तशाच पत्रासह पाठवणाऱ्याला स्पीड पोस्टने परत.

आता तुमचा करार. ११ महिन्यांचा, ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला, आणि संपून तीन महिने झालेला. ११ महिन्यांचा असला की रजिस्टर करावा लागत नाही, हे ब्रोकर लोकांनी मुंबईभर पसरवलेलं खोटं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत तुमचं म्हणणं खरं धरलं जातं, पण ते तुम्ही आणि मालक यांच्यात. बँकेला त्याचं बंधन नाही. नवा करार लगेच ऑनलाइन नोंदवून घ्या, हल्ली अंगठा घ्यायला माणूस घरी येतो. मागच्या १४ महिन्यांसाठी भाड्याच्या बँक नोंदी, इंटरनेटची बिलं, सोसायटीचं पत्र, पोलिसांना दिलेली भाडेकरूची माहिती, जे असेल ते गोळा करा. फ्रिज-टीव्हीची बिलंही शोधा.

खरं तर तुमच्या करारापेक्षा आधीच्या भाडेकरूचा करार जास्त कामाचा. तो कधी संपला, ताबा कधी परत मिळाला, हे मालकाने लिहून द्यावं. मालक टाळाटाळ करेल. त्याला कलम ५५ वाचून दाखवा.

हे सगळं असूनही बेलिफने तुमची वस्तू जप्त केलीच, तर आदेश २१, नियम ५८ खाली त्याच कोर्टात हरकत घ्यायची. पण वस्तूचा लिलाव झाल्यावर आलेली किंवा विनाकारण लांबवलेली हरकत कोर्ट ऐकत नाही, असं त्याच नियमात आहे. आणि लांबवण्याची तुमची सवय पत्रातच दिसते.

त्या दोन वसुलीवाल्यांचं म्हणाल तर ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर खुद्द कर्जदारालाही वसुलीसाठी फोन करायला मनाई केलीय. तुम्ही तर त्यांचे कोणीच नाही. तुमचा करार त्यांना दाखवा, झेरॉक्स किंवा आधार देऊ नका, निरोप पोचवायचं कबूल करू नका, 'थोडे भरतो' तर चुकूनही म्हणू नका. बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचा रस्ता आहे, पण तुम्ही त्या बँकेचे ग्राहक नाही, म्हणून तिथे तक्रार टिकेलच असं मी सांगणार नाही. धमकी पुन्हा झाली तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ धमकीसाठीच आहे. रविवारचं सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज आजच मागून ठेवा, काही दिवसांत ते पुसलं जातं.

आणि एक. तीन पाकिटांवर आधीच्या भाडेकरूचं नाव आहे असं तुम्ही लिहिलंत. कोर्टाच्या पाकिटावरचं नाव पुसट आहे म्हणता. ते उजेडात धरून नीट वाचा. तिथे घरमालकाचं नाव निघालं तर फ्लॅटच तारण असू शकतो, आणि मग वरचं बरंचसं बाजूला ठेवून तुमच्या डिपॉझिटचं बोलावं लागेल. तसं असेल तर मला लगेच कळवा.