स्वयंसेवा की बिनपगारी नोकरी?

प्रश्न : एका धर्मादाय संस्थेने सहा महिन्यांच्या बिनपगारी इंटर्नशिपसाठी माझी निवड केली आहे. आठवड्यातून पाच दिवस पूर्णवेळ काम, रोजची हजेरी आणि रजेसाठी आगाऊ अर्ज अशा अटी आहेत. ही समाजसेवाच असल्याचे संस्था सांगते. हे पटवून घ्यावे का?

उत्तर : माझ्या मते नाही. स्वयंसेवक आपल्या सवडीने वेळ देतो आणि उद्या जमले नाही तर तसे कळवून मोकळा होतो. तुम्हाला मात्र रजा मागावी लागणार आहे, म्हणजे कर्मचाऱ्याची सारी बंधने तुमच्यावर आहेत, फक्त पगार तेवढा नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2011 मध्ये स्वयंसेवेच्या मोजमापासाठी काढलेल्या मार्गदर्शिकेतही नोकरीत शिरण्यासाठी किंवा पदवीसाठी सक्तीची असलेली इंटर्नशिप स्वयंसेवेत धरलेली नाही.

संस्थेचा हेतू चांगला असला म्हणून प्रश्न मिटत नाही. अमेरिकेत एका धार्मिक प्रतिष्ठानाच्या पेट्रोल पंपांसारख्या व्यवसायांत काम करणारी माणसे अन्न, वस्त्र आणि निवारा यांवर राबत होती, आणि आपण स्वयंसेवकच आहोत असे ती स्वतःच सांगत होती; तरीही 1985 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांना वेतनाच्या कायद्याखाली कर्मचारी ठरवले. ब्रिटनच्या 1998 च्या किमान वेतन कायद्यात धर्मादाय संस्थांच्या स्वयंसेवकांना वगळले आहे खरे, पण ती सवलत त्यांना प्रवासासारखा झालेला किंवा वाजवी अंदाजाने ठरवलेला खर्चच दिला जात असेल तर मिळते. त्याहून अधिक ठरावीक मानधन सुरू झाले की संस्थेची ही ढाल निसटू शकते. (म्हणूनच काही संस्था मानधन टाळतात आणि प्रमाणपत्राचे आमिष दाखवतात.)

सहा महिने घरच्यांच्या जिवावर काढणे ज्यांना परवडते त्यांनाच अशी दारे उघडतात, याचा विचार गरिबांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी तरी करायला हवा.

होकार देण्यापूर्वी हेच काम पूर्वी कोणी पगारावर करत होते का, हे विचारा. करत असेल, तर पगाराचीच मागणी करा. नसेल आणि काम मनापासून आवडत असेल, तर आठवड्यातून दोन अर्धे दिवस येण्याची तयारी दाखवा आणि प्रवासखर्चाचे लेखी मागून घ्या.