वाचक विचारतात : ४१ डिग्री उन्हाळ्याला ठीक आहे, रबराला कशाला?

प्रश्न : सर नमस्कार, मी परभणीचा, अकरावीला आहे, तीन वर्षं झाली टीटी, म्हणजे टेबल टेनिस, खेळायलोय, जिल्ह्याला दोनदा दुसऱ्या राउंडपर्यंत गेलोय. आमच्या हॉलमधला एक दादा म्हणला की चायनाचे प्लेयर बॅटला हरिकेन ३ रबरच लावतात आणि ते पण ४१ डिग्री कडक, म्हणून मी पैसे साठवून दोन्ही साइडला तेच लावलं. दोन महिने झाले, बॅकहॅन्ड नेटच्या वर जाईनाच झालाय. रबर डुप्लिकेट असंल का? की रबरात मुरवायचं बूस्टरचं तेल लावल्याशिवाय ते चालतच नाही?

उत्तर : भावा, डुप्लिकेट असूही शकतं, बाजारात काय पण मिळतं, पण तुझं पत्र वाचून मला पहिला संशय रबरावर येत नाही, त्या आकड्यावर येतोय. ४१ डिग्री परभणीत मे महिन्यात असतंय, ते आपल्याला झेपतं कारण दुसरा इलाज नाही. रबरात इलाज आहे.

आधी आकड्याचं सांगतो, कारण इथं सगळेच फसतात. हार्डनेसचं, म्हणजे रबराखालचा स्पंज किती कडक आहे त्याचं, माप सगळ्या कंपन्यांचं एक नसतं. आपल्या आडतीवर माल क्विंटलमध्ये मोजतात आणि घरी आजी अजून पायलीत बोलते, दोघांचे आकडे शेजारी ठेवून कोण जास्त म्हणून भांडण केलं तर काय हाती लागणार? तसंच हे. चायनाच्या डीएचएस कंपनीचं हरिकेन ३९, ४०, ४१ असं येतं. जर्मनीत बनलेल्या रबरांवर ४५, ४७.५, ५० असं लिहिलेलं असतं. आणि जपानच्या बटरफ्लाय कंपनीचं टेनर्जी ०५ रबर त्यांच्या मापात फक्त ३६! आता ३६ बघून कुणी म्हणंल हे तर एकदम मऊ असणार, तर तसं नाही, ढोबळ मानानं त्यात दहा-अकरा मिळव म्हणजे जर्मन आकडा येतो, सत्तेचाळीसच्या आसपास. चायनाच्या आकड्यातही जवळपास तेवढंच मिळवायचं, म्हणजे तुझं ४१ हे जर्मन मापात पन्नाशीच्या वर गेलं. आणि एकाच आकड्याची दोन रबरं पण सारखी लागत नाहीत, कारण स्पंजवरचं रबराचं कातडं, म्हणजे टॉपशीट, वेगळं असतं, हरिकेनचं चिकट, टेनर्जीचं चिकट नाही पण पकड जबरदस्त.

आता बॉल नेटमध्ये का जातोय ते बघ. टॉपस्पिन, म्हणजे बॉलला पुढं फिरवणारा फटका, मारताना बॉलनं स्पंजमध्ये थोडं शिरायला पाहिजे, स्पंज दबला की टॉपशीट त्याला धरतं, मग फेकतं. दबायला जोर लागतो, जोर म्हणजे दंडातली ताकद नाही, बॅट शेवटच्या क्षणी किती झपकन फिरली ते. ४१ चा स्पंज दाबायला लागणारा स्पीड तुझ्या फोरहॅन्डला कधीमधी येत असंल, दहातल्या दोन बॉलला. बॅकहॅन्डला जागाच कमी असते, पोटासमोरून फक्त कोपर आणि मनगट, तिथं बॉल स्पंजमध्ये जातच नाही, नुसता वरच्या कातडीवरून घसरतो आणि नेटमध्ये. मग आपण बॅट उघडतो, म्हणजे वर कलती करतो, बॉल टेबलाबाहेर. मग परत बंद करतो. दोन महिने हेच चालू असंल ना?

आणि उलटं पण आहे बरं का, एकदम मऊ घेतलं म्हणजे सगळं सुटलं असं नाही. मऊ स्पंज म्हणजे कापसाची गादी. हळू बसलं की छान वाटतं, उडी मारली की खाली फरशी लागते. जोरात मारणाऱ्याचा बॉल मऊ स्पंजमधून थेट लाकडापर्यंत पोचतो, तिथं स्पिन मरतो आणि बॉल कुठं जाईल सांगता येत नाही. याची एक साधी परीक्षा आहे, हॉल शांत असताना कुणाला तरी बाजूला उभं करून आवाज ऐकायला लाव. पूर्ण जोरानं मारल्यावर प्रत्येक बॉलला लाकडाचा कडक टक असा आवाज यायला लागला तर स्पंज तुला कमी पडतोय. आणि मध्यम जोराच्या टॉपस्पिनला बॉल धरल्यासारखा वाटतच नसंल, नुसता घासून गेल्यासारखा वाटत असंल तर स्पंज जास्त कडक. तुझं दुसरं आहे, पैज लावतो.

चायनाच्या पोरांचं म्हणशील तर ते लहानपणापासून दिवसाचे कितीतरी तास तेच करतात, आणि त्यांच्या टीमची शीटं दुकानातल्या साध्या हरिकेनसारखी नसतातच. त्यांचं बघून ४१ घेणं म्हणजे शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बघून आपल्या परसात नांगरणी काढणं.

काय कर, दोन्ही शीट फेकू नको. फोरहॅन्डला ठेव हवं तर, हट्ट असंल तर, पण पुढच्या वेळी ३९ घे. बॅकहॅन्डला मात्र आत्ताच बदल, जर्मन मापातलं ४२ ते ४५ चं काहीतरी, स्पंज २.० मिमी जाडीचा, मॅक्स, म्हणजे सगळ्यात जाड, नको. यात अजून एक फायदा आहे जो कुणी सांगत नाही, वजन. हरिकेन कापून लावल्यावर एका बाजूला पन्नास ग्रॅमच्या आसपास भरतं, मऊ रबर त्यापेक्षा सहा-सात ग्रॅमनं हलकं असतं. हातात कळत नाही म्हणतात लोक, तिसऱ्या मॅचला मनगटाला विचारा.

प्रश्न : मी लातूरचा, वय ३४, नोकरी सांभाळून संध्याकाळी तासभर खेळतो. ग्रुपमधले दोघंतिघं ऑनलाइन बूस्टर मागवून लावायलेत. त्यांचा बॉल खरंच फास्ट झालाय असं मला तरी वाटतंय. माझ्याकडं टेनर्जी ०५ आहे, वर्षभर जुनं. लावू का? आणि कुणी म्हणतं हे बॅन आहे, कुणी म्हणतं सगळेच लावतात, नक्की काय?

उत्तर : दादा, बॅन आहे. आंतरराष्ट्रीय फेडरेशनचा, म्हणजे आयटीटीएफचा नियम साधा आहे, रबर जसं कंपनीतून आलं तसंच वापरायचं, त्यावर रासायनिक, भौतिक कसलीच प्रक्रिया करायची नाही. कंपनीनं कारखान्यात स्पंज ताणून पाठवला तर चालतं, तुम्ही घरी बाल्कनीत केलं तर नाही. हा फरक लोकांना हास्यास्पद वाटतो, मलापण कधीकधी वाटतो, पण नियम तो नियम.

याचा इतिहास मजेशीर आहे. सत्तरच्या दशकात युगोस्लाव्हियाचा द्रागुतिन शुर्बेक आणि हंगेरीचा टिबोर क्लाम्पार यांच्या हातून हे सुरू झालं असं सांगतात, सायकलचं पंक्चर काढायचं सोल्युशन रबराला लावलं आणि बॉल बंदुकीसारखा सुटायला लागला. तिथनं स्पीड ग्लू आला. मॅचच्या आधी बॅटवरचं रबर उखडायचं, नवा ग्लू लावायचा, परत चिटकवायचं. माझ्या उमेदीच्या काळात स्पर्धेच्या हॉलबाहेर पायरीवर बसून आम्ही हेच करायचो, आणि पायरीवर वास असा यायचा की स्टँडमागच्या पंक्चरवाल्याची आठवण व्हायची. डोकं दुखायचं ते वेगळं. त्या ग्लूमधले उडून जाणारे सॉल्व्हंट तब्येतीला वाईट, म्हणून २००८ मध्ये बीजिंग ऑलिम्पिकनंतर ते पूर्ण बंद झाले. मग त्याच्या जागी वास नसणारं, तेलासारखं बूस्टर आलं. मोठ्या स्पर्धेत बॅट तपासतात ती सॉल्व्हंटची वाफ आणि जाडी, तेलाचं बूस्टर त्या मशिनला सहसा सापडत नाही, म्हणून 'सगळेच लावतात' ही अफवा जिवंत राहते.

जाडीवर मात्र माणूस अडकू शकतो. टॉपशीट, स्पंज आणि ग्लू मिळून ४.० मिमीच्या वर जाता येत नाही. मॅक्स स्पंजचं रबर आधीच त्या रेषेला टेकलेलं असतं, बूस्टरनं स्पंज फुगला की गेलं वर. आपल्याकडं जिल्ह्याच्या स्पर्धेत जाडी मोजताना मी तरी कुणाला बघितलं नाही, रंग बघतात, झालं. तेव्हा तुम्हाला पकडणार कोणी नाही, हे मी खरं सांगतो. पण समोरचा पोरगा साध्या रबरानं खेळायलाय आणि आपण चोरून तेल लावून जिंकलो, ते मला पटत नाही. तुमचं तुम्ही बघा.

आता नियम बाजूला ठेवू आणि फायद्याचंच बोलू. बूस्टरचं तेल स्पंजात मुरतं, स्पंज फुगतो, टॉपशीट तेवढं फुगत नाही, म्हणून शीट उन्हात वाळत घातलेल्या पापडासारखं वळतं. मग ते वाळू द्यायचं, परत सपाट झालं की पाण्याच्या ग्लूनं लाकडाला चिटकवायचं, टॉपशीट ताणलेलं राहतं. ताणलं की बॉल लवकर सुटतो, स्पंज एक-दोन डिग्री मऊ वाटतो, आवाज मोकळा येतो. हरिकेनसारख्या न ताणलेल्या, कडक स्पंजात हा फरक खरंच कळतो. पण तुमचं टेनर्जी हे कारखान्यातच ताणलेलं रबर आहे. त्यात आणखी तेल म्हणजे पोट भरलेल्या माणसाला परत पुरणपोळी. मी हे स्वतः करून बसलोय, जर्मन बनावटीचं चांगलं रबर होतं, दोन थर लावले, आठवडाभर स्वर्ग, नंतर टॉपशीट पुरीसारखं टम्म झालं आणि मधोमध स्पंजापासून सुटलं. पुश, म्हणजे खालून हळू ढकललेला फटका, मारला की बॉल उडून जायचा, सर्व्हिस तर छोटी ठेवताच येईना. आणि वळलेलं शीट लाकडावर चिटकलं की नंतर महिन्याभरात आकसतं, कडेनं दोन-तीन मिमी लाकूड उघडं पडतं.

मित्रांचा बॉल फास्ट झालाय म्हणता, झाला असंल. पण तुमचं रबर वर्षाचं झालंय, त्यावरची पकड गेलीय का ते आधी बघा. रबर पाण्यानं पुसा, वाळवा, बॉल हलका दाबून ओढा. सरकत जात असंल तर बूस्टरनं ती परत येत नाही, ते टॉपशीटचं म्हातारपण आहे, स्पंजाचं नाही. फोरहॅन्डला नवीन शीट घ्या, जुनं बॅकहॅन्डला सरकवा, एका शीटच्या पैशात दोन्ही बाजूला फरक पडतो. माझे अर्धे विद्यार्थी असंच करतात.

प्रश्न : सर, मुलगी दहा वर्षांची, बीडला नुकताच क्लास लावलाय. दुकानदार म्हणतो कार्बनची बॅट आणि कडक रबर आत्ताच घ्या, परत परत खर्च नको.

उत्तर : ताई, दुकानदाराचं म्हणणं हिशोबाला बरोबर, हाताला चूक. पाच प्लायचं, म्हणजे पाच थरांचं, साधं लाकूड, दोन्ही बाजूला मऊ ते मध्यम रबर, स्पंज १.८ च्या आसपास. पहिलं वर्ष तिला बॉल टेबलावर टाकायचाय, फाडायचा नाही. कार्बन नंतर, तिनं मागितलं तर.

प्रश्न : आमच्या हिंगोलीत एकानं खोबरेल तेल लावलं रबराला, बूस्टर म्हणून. मी बेबी ऑइल लावायच्या विचारात आहे. चालंल का?

उत्तर : त्याच्या रबराचं काय झालं ते कळवा, मला खरंच उत्सुकता आहे! बेबी ऑइल म्हणजे खनिज तेल, त्यानं स्पंज फुगतो हे खरं, पण किती फुगंल, कुठं जास्त कुठं कमी, याचा काही भरवसा नाही, ग्लू पण मग नीट धरत नाही आणि मॅचमध्ये शीट कोपऱ्यातनं सुटतं. नियमात तर बसतच नाही. खोबरेल केसाला लावा.

प्रश्न : जालन्याहून. थंडीत माझं हरिकेन एकदम दगड वाटतं आणि पावसाळ्यात बॉल घसरतो. रबर खराब झालं का?

उत्तर : नाही, दोन्ही नॉर्मल आहे. डिसेंबरच्या सकाळी पत्र्याच्या हॉलमध्ये कडक स्पंज आणखी कडक होतो, त्यासाठी दहा मिनिटं वॉर्मअप जास्त करा, बॅट बाहेर गाडीवर ठेवू नका. पावसाळ्यात हवेतला ओलावा टॉपशीटवर बसतो, मधूनमधून कोरड्या कपड्यानं पुसा. चिकट रबराला आपल्याकडची धूळ फार लागते, खेळून झालं की पाण्यानं पुसून वर प्लास्टिकची शीट चिटकवून ठेवा. आणि उन्हाळ्यात बॅट गाडीच्या डिक्कीत नको. मागच्या वर्षी एकानं ठेवली होती, दुपारी चार तास. काढली तेव्हा ग्लू सुटून दोन्ही शीटं हातात आली, आणि लाकूड वाकलं होतं.