मशीन आली, मालक म्हणतो सही करून दे

"मॅडम, मशीनीनं माणूस काढला तं त्याच्यात कायदा काय करन जी?" ह्या कापसाच्या सीझनला पाच-सहा जणांनी तरी हे विचारलं, म्हणून एक केस लिहिते, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

यवतमाळ जिल्ह्यातलं गाव. मी बाजाराच्या दिवशी तालुक्याला कायद्याचा सल्ला द्यायला बसते, तिथे हे भाऊ बायकोला घेऊन आले. जिनिंग-प्रेसिंगमधे, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी करतात त्या कारखान्यात, गाठी बांधायचं काम, सोबत मालकाची सरकीची ऑइल मिल असल्यामुळे बाराही महिने हजेरी, अकरा वर्षं सात महिने झालेली. १७० किलोची एकेक गाठ, पट्टी ओढून ओढून तळहातावर आडव्या रेघा पडलेल्या. दिवाळीनंतर ऑटोमॅटिक प्रेस बसला, पट्टी पण तोच बांधतो. मॅनेजरनं २०,००० रुपये आणि टाइप केलेला राजीनामा समोर ठेवला, सही करून घेऊन या म्हणे.

पहिला अर्धा तास मी कायद्याचं काहीच बोलले नाही, कारण माणूस वेगळ्याच ओझ्याखाली होता. बायको सांगत होती, "रातच्यानं उठून बसतेत, शिफ्टच्या टायमाले फाटकापाशी जाऊन उभे रायतेत." आणि भाऊ खाली बघत म्हणाले, "मशीन आपल्याहून चांगली बांधते, मंग आपला हक्क कायचा?"

इथेच सगळं अडकलेलं असतं. मशीन आल्यामुळे काम गेलं की माणसाला वाटतं आपण नापास झालो, आणि नापास झालेला माणूस भांडत नाही, सही करून मोकळा होतो. मी त्यांना एवढंच विचारलं, अकरा वर्षं मालकाच्या गाठी कोणी बांधल्या? त्या पैशातूनच तर प्रेस आला ना. मग गडी जरा रडला. बरं झालं रडला.

आता कायदा. मशीन आणायला कायदा मनाई करत नाही, पण मशीनमुळे माणसं कमी होणार असतील तर काय करायचं हे त्यात लिहिलेलं आहे, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. यंत्रात अशी सुधारणा करायची ज्यानं कामगार कपात होऊ शकते, तर २१ दिवस आधी कामगारांना नोटीस. कपात करायचीच तर वर्षभरात २४० दिवस भरलेल्या कामगाराला कारण लिहून एक महिन्याची नोटीस नाहीतर तेवढा पगार, आणि नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार भरपाई, वरचे सहा महिन्यांहून जास्त असले तर तेही एक वर्ष धरतात. नव्या संहितेत आणखी १५ दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीतून (काढलेल्या कामगाराला नवं काम शिकता यावं म्हणून असलेला) ४५ दिवसांत खात्यावर यायचा असतो. सरकारची आधी परवानगी मात्र ३०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यालाच लागते, आपल्याकडच्या जिनिंगमधे एवढे कुठून असणार.

कागदावर मांडलं. पगार १२,०००. नोटीसचे १२,०००, भरपाई बारा वर्षांची साधारण ७२,०००, ग्रॅच्युइटी (नोकरी सुटताना सेवेच्या वर्षांवर मिळते ती रक्कम) वेगळी, साधारण ८३,०००, निधीचे ६,०००. म्हणजे पावणेदोन लाखाच्या जवळपास, आणि मालक देत होता वीस हजार. राजीनामा दिला की ती कपात राहतच नाही, तुम्ही स्वतःहून सोडलं असं होतं आणि भरपाई जाते (ग्रॅच्युइटी तरी राहते, पाच वर्षं झालेली असली तर). म्हणून तर मालकाला सहीची एवढी घाई. सही करू नका, कोऱ्या कागदावर तर नाहीच नाही, हे मी प्रत्येकाला पहिल्यांदा सांगते.

आणखी एक निघालं. दोन वर्षांपूर्वी त्याच कामावर लागलेल्या पोराला ठेवलं आणि ह्यांना काढलं. त्याच कामातला शेवटी आलेला आधी जातो, उलट करायचं तर मालकाला कारण लिहून ठेवावं लागतं.

पुरावा काय, तर हजेरी कार्ड मालकाकडे. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "माह्याजवळ क्यालेंडर हायेत." पुढच्या बाजाराला पिशवीत गुंडाळून आणले, दुधाच्या हिशोबाशेजारी दर खाड्याला फुली, सहा वर्षांचे. पीएफचं पासबुक होतंच.

तालुका विधी सेवा समितीतून वकील फुकट मिळाला, १९८७ च्या कायद्यात औद्योगिक कामगाराला तो हक्क आहे, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज केला. दोन तारखांना मालक आलाच नाही, तिसऱ्या तारखेला आला. नोटीस पगार आणि भरपाई दोन हप्त्यांत द्यायचं ठरलं, पहिला मिळाला, ग्रॅच्युइटीचं अजून चालू आहे.

मला जास्त खुपतं ते बायांचं. त्याच जिनिंगमधे टोपल्यानं कापूस वाहणाऱ्या बाया पाइपानं कापूस ओढणारी मशीन आल्यावर घरी बसल्या, सीझनचं काम म्हणून २४० दिवस भरत नाहीत, भरपाई नाही. ग्रॅच्युइटीत त्यांच्यासाठी वाट आहे, सीझनमधे कारखाना चालला त्यातले ७५ टक्के दिवस भरले तर दर सीझनमागे ७ दिवसांची मजुरी, पाच वर्षं झालेली पाहिजे. पण हजेरी ठेकेदाराच्या वहीत आणि ठेकेदार दरवर्षी नवा. हे मला फार अन्यायाचं वाटतं.

परवा त्यातल्या दोघी आल्या, भाऊंच्या बायकोनंच पाठवल्या. एकीनं बचत गटाच्या पासबुकामागे सीझनचे दिवस लिहिलेले आहेत, चार वर्षांचे. पाचव्या वर्षाचा कागद शोधून राहिलो आम्ही.