फॉस्टर मुलाची शिस्त आणि पोटच्या लेकीचा रुसवा

लंडनजवळ राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. घरात नवरा, १२ वर्षांची लेक, सासूबाई आणि गेल्या हिवाळ्यात फॉस्टर म्हणून, म्हणजे स्वतःच्या घरी राहता येत नसल्यानं कौन्सिलनं (तिथल्या स्थानिक प्रशासनानं) सांभाळायला दिलेला, ९ वर्षांचा मुलगा. तो उशीखाली पोळ्या लपवतो, धडधडीत खोटं बोलतो आणि दर शनिवारी आईला भेटून आला की दोन दिवस कुणाला जवळ येऊ देत नाही. सासूबाई म्हणतात, "लाड फार झाले, एक धपाटा घाला, सरळ येईल." लेक म्हणते, "त्याला सगळं माफ, मला मात्र ओरडा." त्या भेटी बंद करता येतील का, असं ताई विचारतात.

ताई, आधी धपाट्याचं. इंग्लंडमध्ये फॉस्टर मुलावर हात उगारायचा नाही, हे तुम्ही सही केलेल्या करारातच असतं आणि फॉस्टर सेवांच्या २०११ च्या नियमांनी ते बंधनकारक आहे. सासूबाईंना हे तुमच्या नवऱ्यानं सांगावं, म्हणजे तो सासू-सुनेचा वाद होणार नाही. पण नुसता कायदा दाखवून त्या गप्प बसतील, पटणार नाही. कारणही सांगा. तुमच्या लेकीला रागावलात तरी रात्री आई जवळ घेणार, हे तिला पक्कं ठाऊक असतं. या मुलानं मोठ्यांचा राग पाहिला आहे आणि घर सुटलेलंही पाहिलं आहे. तुमचा आवाज चढला की त्याला पुन्हा तेच होणार असं वाटतं.

डायना बॉमरिंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात पालकत्वाच्या तऱ्हा मांडल्या: नुसता धाक, नुसती मोकळीक आणि माया व नियम दोन्ही असलेली तिसरी. आपल्या घरांत नियम बोलून दाखवतात, माया गृहीत धरायची असते. या मुलाला काहीच गृहीत धरता येत नाही. त्याच्याशी माया बोलूनच दाखवावी लागेल, अगदी रोज. नियम मात्र ढिले करू नका. झोपायची वेळ, शाळेचा अभ्यास, कुणाला मारायचं नाही, हे त्यालाही तितकंच लागू.

पोळ्यांबद्दल त्याला काहीही बोलू नका. त्याच्या खोलीत त्याच्या नावाचा एक डबा ठेवा. चिवडा, बिस्किटं, सफरचंद. तो रिकामा झाला की न विचारता भरा. जेवण कधीच बक्षीस किंवा शिक्षा होऊ देऊ नका. रोजच्या नोंदीत हे लिहा आणि त्याच्या सोशल वर्करला (कौन्सिलनं त्याच्यासाठी नेमलेल्या समाजसेवकाला) सांगा. पुरेसं अन्न मिळेल याची खात्री कधी नसलेली मुलं असं करतात. ती चोरी समजू नये.

आता भेटी. १९८९ च्या बालकायद्यानुसार केअर ऑर्डरखालच्या (कोर्टाच्या आदेशानं कौन्सिलच्या देखरेखीत असलेल्या) मुलाचा आईवडिलांशी वाजवी संपर्क राहू देणं हे कौन्सिलचं कर्तव्य आहे. तो थांबवण्याचा अधिकार तुम्हाला नाही, आणि असता तरी मी "थांबवा" म्हटलं नसतं. भेटीनंतर मूल बिथरतं म्हणजे भेट वाईटच झाली असं नाही. आईचा पुन्हा निरोप घेऊन आलेलं मूल बिथरणारच. काय घडतं ते तारखेनिशी लिहून सोशल वर्करला द्या. भेटीची वेळ, जागा, पद्धत बदलता येते. घरी शनिवारची संध्याकाळ मोकळी ठेवा. पाहुणे नकोत, गृहपाठ नको. "काय झालं, काय बोलली?" असं खोदून विचारू नका. मऊ वरणभात, त्याच्या आवडीचा कार्टून, बस. आणि त्याच्या आईबद्दल घरात कुणीही वाकडा शब्द काढायचा नाही, मराठीतसुद्धा नाही. सूर मुलांना कळतो.

लेकीचं म्हणणं बरोबर आहे, हे तिला आधी मान्य करून दाखवा. नियम सारखे आहेत, पण तो चुकला की आपण वेगळं वागतो, आणि का, ते तिला सांगा. त्याच्या घरची हकिकत मात्र सांगू नका, ती त्याची खासगी गोष्ट आहे. आठवड्यातून एकदा फक्त तुम्ही दोघी बाहेर जा. फॉस्टर घरांतल्या सख्ख्या मुलांसाठी काही ठिकाणी गट चालतात. तुमच्या सुपरवायझिंग सोशल वर्करला, म्हणजे मुलासाठी नव्हे तर तुमच्यासाठी नेमलेल्या सोशल वर्करला, विचारा.

नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचे फोटो टाकू नका, गणपतीच्या आरतीतलेही नाहीत. आरतीला तो उभा राहिला तर आनंद, नाही राहिला तर आग्रह नको; मुलाचा धर्म, भाषा, संस्कृती यांचा विचार व्हायलाच हवा, असं १९८९ चा तोच बालकायदा सांगतो.

तुम्ही दिवाळीत पुण्याला जायचं म्हणता. कौन्सिलकडून लेखी परवानगी हातात येईपर्यंत त्याचं तिकीट काढू नका. ती नाही मिळाली, तर तुम्ही परत येईपर्यंत त्याला दुसऱ्या फॉस्टर घरी ठेवायचं सुचवतील. तसं झालं तर आधी एकदोनदा त्या घरी नेऊन आणा, परतीची तारीख त्याच्याच हातानं कॅलेंडरवर लिहून घ्या आणि त्याचं सगळं सामान बांधू नका. सोशल वर्करशी हे बोलणं उन्हाळ्यातच करा, ऑक्टोबर उजाडायची वाट पाहू नका.