पेनड्राइव्ह खिशात टाका, मग लॅपटॉप बघायला जा

प्रश्न : नमस्कार सर. मी लग्नाचं आणि गड्ड्याच्या यात्रेचं (आपली सिद्धेश्वरांची यात्रा) व्हिडिओ शूटिंग करतो, एडिटिंग पण घरीच. फुल एचडीत करत होतो तोवर जुना आय-फाइव्ह, 8 जीबी रॅमवाला लॅपटॉप चालून गेला. आता पार्टी फोर-के मागायलीय आणि टाइमलाइनवर क्लिप टाकली की लॅपटॉप हँगच व्हायलाय. बजेट 80 हजारापर्यंत. नव्या पेठेत एकानं सांगितलं आय-सेव्हन घ्या, डोळे झाकून घ्या. घेऊ का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : डोळे झाकून काहीच घेऊ नका दादा, 80 हजार म्हणजे कितीतरी लग्नांची कमाई आहे तुमची. आय-सेव्हन हे नुसतं नाव झालं. त्याच्या पुढच्या आकड्याच्या शेवटी यू आहे का एच आहे ते बघा. यू म्हणजे बॅटरी वाचवणारा प्रोसेसर, ऑफिसच्या कामाला छान, एडिटिंगला दम टिकत नाही. एचवाला आय-फाइव्ह कितीतरी वेळा यूवाल्या आय-सेव्हनला मागं टाकतो, मी स्वतः दोन्हीवर काम केलंय म्हणून सांगतोय.

पण त्याच्याही आधी एक काम करा, तुमच्या कॅमेऱ्याचा मेनू उघडा आणि फाइल कुठल्या फॉरमॅटमध्ये बनते ते बघा. सगळं तिथंच ठरतं. फोर-के म्हणजे फुल एचडीच्या चौपट पिक्सेल, एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण लॅपटॉप हँग होतो तो नुसत्या पिक्सेलनं नाही, फाइल दाबून बारीक केलेली असते आणि प्रत्येक फ्रेम दाखवताना ती उलगडावी लागते म्हणून. हे उलगडायचं काम करायला चिपमध्ये वेगळा भाग असतो, त्याला तुमचा फॉरमॅट कळला तर काम लोण्यासारखं चालतं, नाही कळला तर सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि पंखा बोंबलायला लागतो. एच-264 आणि एच-265 ही फाइल दाबायच्या पद्धतींची नावं, बिट आणि 4:2:0 सारखे आकडे म्हणजे रंगाची माहिती किती बारीक साठवली ते. एच-264, 8 बिट, 4:2:0 असेल तर निश्चिंत राहा, आजचा कुठलाही बरा लॅपटॉप ते ओढतो. पण नवीन कॅमेरा घेतला असेल आणि 10 बिट 4:2:2 मध्ये एच-265 शूट करत असाल तर इथंच लोक फसतात. एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स 40 सिरीजपर्यंतच्या ग्राफिक्स कार्डांना हे 4:2:2 उलगडता येत नाही, 2025 मध्ये आलेल्या 50 सिरीजपासून येतं. इंटेलच्या 11व्या जनरेशनपासून प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सला येतं. म्हणजे एएमडीचा प्रोसेसर आणि वर आरटीएक्स 4050 असा गेमिंग लॅपटॉप दिसायला दणकट, पण नेमक्या ह्याच फाइलला अडखळणार.

म्हणून म्हणतो, तुमच्याच कॅमेऱ्याची दोन-तीन मिनिटांची क्लिप पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात जा. क्लिप आधी लॅपटॉपवर कॉपी करून घ्या, थेट पेनड्राइव्हवरून चालवू नका. व्हीएलसी प्लेअरमध्ये लावा, विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर (म्हणजे ग्राफिक्स चिपवर) क्लिक करा, दोन जीपीयू दिसले तर दोन्ही बघा. तिथं व्हिडिओ डिकोड नावाचा ग्राफ असतो. तो वर गेला म्हणजे चिप काम करतीय. तो शून्यावर पडून आहे आणि सीपीयू म्हणजे प्रोसेसर मात्र 80-90 टक्क्यांवर नाचतोय असं दिसलं तर नमस्कार करून बाहेर या, दुकानदार कितीही डिस्काउंट देऊ दे.

रॅम 16 जीबीच्या खाली नकोच, 32 झाली तर उत्तम. रॅम वाढवायची जागा आहे का हे आत्ताच विचारा, काही पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डालाच चिकटवलेली असते, मग जन्मभर तेवढ्यावरच भागवायचं. एसएसडी म्हणजे फाइल साठवायची डिस्क एनव्हीएमईच, म्हणजे वेगवान प्रकारचीच हवी आणि दुसरी बसवायला रिकामा स्लॉट हवा, कारण हिशोब करा, 100 एमबीपीएसनं (सेकंदाला 100 मेगाबिट) शूट केलं तर तासाला 45 जीबी होतात, दोन कॅमेरे तीन तास चालले की 270 जीबी एका लग्नाचे. 512ची एसएसडी दोन लग्नांत भरली.

स्क्रीनवर मात्र पैसे वाचवू नका. बॉक्सवर किंवा वेबसाइटवर 45 टक्के एनटीएससी (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप) लिहिलं असेल तर तो लॅपटॉप सोडा, त्यावर शालूचा लाल विटक्यासारखा दिसतो, मग तुम्ही रंग चढवत बसता आणि पार्टीच्या टीव्हीवर नवरी भडक दिसते. 100 टक्के एसआरजीबी (हेही रंगांचंच माप) बघूनच घ्या. गड्ड्याच्या यात्रेतल्या संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्याचं फुटेज लावून बघा, उन्हातल्या पांढऱ्या बाराबंदीच्या (मानकऱ्यांच्या अंगरख्याच्या) चुण्या दिसतात का नुसता पांढरा ढब्बा दिसतो. कॅमेऱ्यात टिपलेलंच स्क्रीनवर दिसत नसेल तर ग्रेडिंग म्हणजे रंगांची जुळणी करणार कशावर?

आता आपल्या सोलापूरची गोष्ट. एप्रिल-मेमध्ये लग्नं आणि त्याच वेळी बाहेर 42-43 डिग्री. मी एकदा एक चापूनचोपून पातळ लॅपटॉप घेतला होता, हळदीची फिल्म एक्सपोर्टला लावली, पहिली दहा मिनिटं सुसाट आणि मग निम्म्या स्पीडवर आला. चिप तापली की ती स्वतःच वेग कमी करते, नाहीतर जळेल. म्हणून थोडा जाड, वजनदार, मागून मोठ्या जाळ्या असलेला घ्या, लाज वाटायचं कारण नाही. आणि तुमच्याकडं आजूबाजूला यंत्रमाग असतील ना, तर कापसाचा बारीक रुवा पंख्यात जातोच जातो. माझा लॅपटॉप उघडला तेव्हा जाळीवर नमद्यासारखा थर बसला होता, नखानं अख्खा सोलून निघाला, आणि त्याच दिवशी एक्सपोर्ट पुन्हा पहिल्यासारखा पळायला लागला. दर सहा महिन्याला साफ करून घ्या. गादीवर ठेवून काम करू नका, मागून दोन वह्या लावून उचला. एक्सपोर्ट करताना चार्जर लावलेलाच पाहिजे, तोही लॅपटॉपबरोबर आलेला, बॅटरीवर ग्राफिक्स कार्ड निम्मा जोर पण लावत नाही.

आणि नवीन घेईपर्यंत जुन्यावर प्रॉक्सी करून काम काढा. प्रीमियर असो नाहीतर डाविंची रिझॉल्व्ह, फोर-के क्लिपची छोटी हलकी कॉपी बनते, एडिट त्या कॉपीवर करायचं, फायनल मात्र मूळ फाइलमधूनच निघतं. रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जनसुद्धा 3840 बाय 2160 पर्यंत एक्सपोर्ट देतं, लग्नाला पुरेसं आहे.

प्रश्न : माझी मुलगी कॉलेजला आहे, रील आणि डॉक्युमेंटरी फुल एचडीत करते. मॅकबुक एअर घेतला तर चालेल का?
– एक आई, होटगी रोड

उत्तर : चालेल ताई, फुल एचडीला आरामात. 16 जीबीवालाच घ्या, नंतर वाढत नाही. त्यात पंखाच नसतो, त्यामुळं मोठा एक्सपोर्ट मे महिन्यात दुपारी न लावता रात्री लावायला सांगा, आणि एक बाहेरची एसएसडी त्याच बिलात घ्या, 256 जीबीवाला असेल तर त्यात सहा महिने पण निघणार नाहीत.