पुण्यातल्या आमच्या साइटचा ‘आजचे वाचक’ हा लाइव्ह आकडा रात्री बाराऐवजी पहाटे साडेपाचला शून्य का होतो?

तुमची प्रणाली यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार दिवस बदलतेय, आणि यूटीसीची मध्यरात्र म्हणजे पुण्यात पहाटेचे 5:30. सर्व्हरचं घड्याळ मात्र बदलू नका. नोंदी यूटीसीतच राहू द्या, फक्त दिवस मोजताना ‘आशिया/कोलकाता’ टाइमझोन लावा. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये टाइमझोनचे तक्ते भरलेले नसतील तर हे नाव दिल्यावर उत्तर नल (म्हणजे रिकामं) येतं आणि डॅशबोर्ड कोरा दिसतो. तिथे सरळ ‘+05:30’ द्या.

खरी अडचण जुन्या डेटाची. तासातासाची बेरीज ठेवून मूळ नोंदी पुसल्या असतील, तर आपला दिवस अचूक जोडता येणार नाही, कारण आपली मध्यरात्र यूटीसीच्या 18:30 ला, तासाच्या बरोबर मधोमध येते. म्हणून यापुढे बेरीज 15 मिनिटांची ठेवा (नेपाळचे +5:45 सुद्धा त्यात बसतात).

हे पेजव्ह्यूंपुरतं, म्हणजे पानं किती वेळा उघडली यापुरतं. वेगवेगळे वाचक मोजताना अशी बेरीज चालत नाही, सकाळी आणि संध्याकाळी आलेला एकच माणूस दोनदा धरला जातो. त्यासाठी 15 मिनिटांच्या प्रत्येक तुकड्याचा हायपरलॉगलॉग (वेगवेगळे वाचक किती हे अंदाजाने सांगणारी छोटी नोंद) ठेवून ते एकत्र करा. रेडिस या डेटाबेसमध्ये अशा एका नोंदीला जास्तीत जास्त 12 केबी लागतात आणि प्रमाण त्रुटी 0.81 टक्के असते.